सिक्युरिटीचं १८,५०० चं कोटेशन आणि गेटवरचा माणूस

हिशेबनीस (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीचं सिक्युरिटीचं कंत्राट संपत आलंय. नवीन कोटेशनं मागवली, चार आली. सगळ्यांत कमी दर असलेलं असं: बारा तासांची एक ड्युटी, महिन्याचे तीसही दिवस, जीएसटी धरून १८,५०० रुपये. कमिटीत दहा मिनिटांत तेच पास होत होतं. सहीला मी पुढच्या मीटिंगपर्यंत वेळ मागून घेतलाय, तोवर इथल्या लोकांशी बोलून घ्यावं म्हणतो.

सोसायटी पुण्यात, १८० फ्लॅटांची. तीन जागा: मेन गेट, मागचं गेट, पार्किंग. दिवसा तीन, रात्री तीन, सहा माणसं. या कोटेशनने महिन्याला १,११,००० होतात, फ्लॅटमागे ६१७ रुपये.

आता किमान वेतन. नेमका आकडा परिमंडळावर (गाव-शहराप्रमाणे पाडलेल्या गटावर) आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल यावर ठरतो, शिवाय विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला बदलतो. बोलायला सोपं जावं म्हणून इथे गोल १४,००० धरतो. हे १४,००० आठवड्याच्या ४८ तासांचे, म्हणजे रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस. ताशी ६७ रुपये पडतात. माणूस बारा तास उभा केला की वरचे चार तास ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. चार दुणे आठ. म्हणजे बारा तासांच्या ड्युटीचा कायदेशीर पगार आठ तासांच्या पगाराच्या सरळ दुप्पट, २८,००० रुपये. हे फक्त पगाराचे, तेही २६ दिवसांचे. पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा), बोनस, सुट्टीच्या दिवशी येणारा रिलीव्हर, एजन्सीचं कमिशन, जीएसटी, सगळं त्याच्यावर.

आणि कोटेशन १८,५०० चं! त्यातून जीएसटी काढला की १५,६७८ राहतात. एजन्सीवाला समाजसेवा करत नाही, तो त्याचे हजार-दीड हजार काढणार. मग गेटवरच्या माणसापर्यंत पोचतात किती? सध्याच्या एजन्सीच्या माणसांना सहज विचारलं. १२,००० हातात, तीस दिवस भरले तर. तीस दिवस बारा तास म्हणजे ३६० तास. ताशी ३३ रुपये. कायद्यातल्या दराच्या निम्मा.

आणखी एक गंमत. दुकाने व आस्थापना कायद्यात ओव्हरटाइमला तिमाहीची मर्यादा आहे. २०१७ च्या कायद्यात ती १२५ तास होती, राज्य मंत्रिमंडळानं २०२५ मध्ये १४४ करायचं ठरवलं. आमच्या गेटवर महिन्याचे २६ दिवस धरले तरी तिमाहीला ३१२ तास होतात. म्हणजे दुप्पट पैसे मोजले तरी ही रोजची बारा तासांची पद्धत नियमात बसत नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या सोसायटीत काय चालतं? कोणी कायदेशीर दरानं माणसं ठेवलीत का, आणि मेंटेनन्स किती वाढला?

---

टवाळखोर

आमचा वॉचमन रात्री अकरानंतर खुर्चीत घोरतो आणि दिवसा मोबाइलवर क्रिकेट बघतो. त्याला ताशी ३३ जास्तच होतात.

---

परभणीकर

टवाळखोर, बारा तास ड्युटी, वर जाऊन-येऊन दोन तास. घरी जाऊन डबा करायचा, कपडे धुवायचे. रिलीव्हर आला नाही की सुपरवायझर फोनवर सांगतो, “आज डबल मार.” डबल म्हणजे सलग चोवीस तास. रात्री अकराला झोपलेला माणूस आदल्या सकाळपासून उभा असेल, हे ध्यानात घ्या.

माझा चुलतभाऊ सहा-सात वर्षं पुण्यात हेच काम करतो. गावाकडे अडीच एकर कोरडवाहू, त्यात दोन भाऊ. त्याच्याकडून ऐकलेलं लिहितो, हिशेबनीस यांना उपयोगी पडेल.

सही एका आकड्यावर, हातात दुसरा. काही ठिकाणी पूर्ण पगार बँकेत जमा होतो आणि एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात असतं. कागदावर सगळं चोख. गणवेशाचे आणि बुटांचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापतात. पीएफ कापला म्हणतात, नंबर विचारला की “ऑफिसला ये.” ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, जायचं तर एक खाडा. आठवड्याची सुट्टी कागदावर असते, घेतली की त्या दिवसाचे पैसे गेले, म्हणून कुणी घेतच नाही. आणि पहिल्या महिन्याचा पगार पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे माणूस सोडून जाऊ नये.

---

सदाशिवपेठी

हिशेब चोख आहे, पण एक बाजू राहिली. आमच्या सोसायटीत ९६ पैकी चाळीसेक फ्लॅट निवृत्त लोकांचे आहेत. मी स्वतः एका खाजगी कंपनीतून निवृत्त झालो. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन किती येते हे इथल्या पुष्कळांना माहीत असेल. किमान १,००० रुपये आहे, २०१४ पासून तीच. बाकी सगळं एफडीच्या व्याजावर. मेंटेनन्समध्ये सातशे वाढले तर तो आमच्या औषधांच्या पैशात मारलेला हात आहे. वॉचमनला कमी मिळतं हे खरं, पण त्याचा बोजा दुसऱ्या तुटपुंज्या उत्पन्नाच्या माणसावर का? सरकारनं बघावं ना.

दुसरं. तो माणूस गावाहून आपणहोऊन आलाय. गावात त्याला याच्या निम्मेही मिळत नव्हते. बळजबरी कुणी केलेली नाही.

---

जुनी_कात्रणं

सदाशिवपेठी, ‘बळजबरी कुणी केलेली नाही’ यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडची बांधकामं चालू होती, ठेकेदार किमान वेतन देत नव्हते, पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स कोर्टात गेली. न्या. भगवती यांनी मांडलेला मुद्दा असा: पोटाला चिमटा बसलेला माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करायला तयार होतो, तेव्हा ती तयारी खुशीची नसते. गरिबीची सक्ती हीसुद्धा सक्तीच. म्हणून किमान वेतनाहून कमी देणं ही घटनेच्या २३ व्या कलमात बंदी असलेली वेठ ठरते. लाठी घेऊन कुणी मागे उभं असायची गरज नाही.

आता हिशेबनीस यांच्या आकड्यांकडे. सगळे ‘किमान वेतन’ हीच रेघ धरून बोलताहेत. ती फार खालची रेघ आहे. १९४८ साली नेमलेल्या न्याय्य वेतन समितीनं तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: किमान वेतन, त्याच्या वर न्याय्य वेतन, आणि सगळ्यांत वर निर्वाह वेतन, म्हणजे नीट जगता येईल इतकं. राज्यघटनेच्या ४३ व्या कलमात शेतमजुरापासून कारखान्यातल्या कामगारापर्यंत सर्वांना निर्वाह वेतन मिळावं असं लिहिलंय, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात जाऊन मागता येत नाही.

तरी खालच्या रेघेचा आकडा कसा काढायचा हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, कामगार संघटना आणि सरकार या तिघांनी बसून ठरवलं होतं. एक कमावता माणूस, कुटुंबाची खाणारी तोंडं तीन एककं (एका मोठ्या माणसाचं खाणं म्हणजे एक एकक), आहारतज्ज्ञ डॉ. आयक्रॉइड यांच्या कोष्टकाप्रमाणे एककामागे रोज २,७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरांच्या योजनेतलं किमान भाडं, आणि सरपण, दिवाबत्ती, बाकी किरकोळ यासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली रेप्टाकोस ब्रेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यात भर घातली: मुलांचं शिक्षण, दवाखाना, थोडी करमणूक, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यासाठी आणखी २५ टक्के.

सणवार आणि लग्नकार्य हे कोर्टाला सुचलं याचं मला फार बरं वाटतं. नाहीतर अर्थशास्त्री लोक उष्मांकांच्या पुढे सरकत नाहीत.

---

लेथवाला

मी मालक आहे. भोसरीत छोटं युनिट, चौदा माणसं. इथे मालक म्हणजे राक्षस असा सूर लागतो, म्हणून लिहितो.

मला मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळते ती पाच पैशांनी दुसऱ्याला खाली पाडून. पगार मी एकट्यानं वाढवले तर पुढच्या महिन्यात ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. बिल नव्वद दिवसांनी मिळतं, पगार सात तारखेला द्यावा लागतो. आदर्श वेतन बोलायला छान. आणि वॉचमनचं म्हणाल तर तुम्ही दर दुप्पट केलात की सोसायट्या बूम बॅरिअर आणि कॅमेरे लावतील. सहाच्या जागी दोन माणसं राहतील. त्या चौघांचं काय?

---

जुनी_कात्रणं

लेथवाला, एकट्यानं वाढवता येत नाही हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. म्हणूनच ते कायद्यानं सगळ्यांना एकदम लागू करायचं असतं, शेजारच्या शेडलासुद्धा. पन्नासच्या दशकात क्राउन अ‍ॅल्युमिनियमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलंय की किमान वेतनही देता येत नसेल तर त्या उद्योगाला चालू राहायचा हक्क नाही. कठोर वाटेल, पण नियम पाळणाऱ्या मालकाला वाचवणारा हाच नियम आहे. न पाळणारा त्याला रोज खाली पाडतो.

---

टेम्सकाठ

पगार वाढवले की नोकऱ्या जातात, हे इतकं सरळ नाही. १९९२ साली अमेरिकेत न्यू जर्सीनं किमान वेतन ताशी ४.२५ वरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसंच राहिलं. कार्ड आणि क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची बर्गरची दुकानं तपासली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्याचं दिसलं नाही. त्यावर पुढे भरपूर वाद झाले, पण डेव्हिड कार्ड यांना २०२१ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं त्यात हेही आहे. कारण ढोबळमानानं असं की मजुरीच्या बाजारात मालक थोडे आणि अडलेले फार, त्यामुळे मुळातला दरच दाबलेला असतो.

इथे लंडनमधली एक गोष्ट सांगते. २००१ मध्ये पूर्व लंडनमधल्या चर्च, मशिदी, शाळा, युनियन यांनी मिळून ‘लिव्हिंग वेज’ची, म्हणजे निर्वाह वेतनाची मोहीम काढली. बँकांच्या चकचकीत इमारती रात्री झाडणारी माणसं दोन-दोन नोकऱ्या करत होती आणि मुलांना जागेपणी भेटत नव्हती. ती माणसं बँकेच्या पगारपत्रकावर नव्हतीच, ठेकेदाराची होती. म्हणून मागणी ठेकेदाराकडे नाही केली. थेट बँकेकडे केली: तुमच्या छताखाली जो काम करतो त्याचा दर तुम्ही ठरवा. आता दरवर्षी जगण्याच्या खर्चावरून आकडा काढतात. २०२४ च्या शरद ऋतूत जाहीर झालेला दर ताशी १२.६० पौंड आणि लंडनसाठी १३.८५ होता; कायद्याचा दर एप्रिल २०२५ मध्ये १२.२१ झाला. हजारो मालक हा वरचा दर आपखुशीनं देतात आणि दारावर पाटी लावतात. पाटीचा मोह मोठा असतो. आपल्या सोसायट्या ‘स्वच्छ सोसायटी’च्या बक्षिसासाठी काय काय करतात ते आठवा!

---

पेरोलवाली

मी दिवसभर लोकांचे पगार काढते, त्यामुळे हिशेबनीस यांचा हिशेब पुढे नेते. आठ तासांची, तीस दिवस भरलेली एक जागा, कायदा पाळून:

पगार १४,०००. मालकाचा पीएफ, प्रशासकीय खर्चासह १३ टक्के, १,८२०. ईएसआय ३.२५ टक्के, ४५५. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. पगारी रजा आणि गणवेश धरून १८,२०० च्या घरात जातं. माणूस २६ दिवस येणार आणि जागा ३० दिवस भरायची, म्हणून रिलीव्हरचे आणखी २,८००. झाले २१,०००. एजन्सीचं कमिशन ८ टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. साधारण २६,८००.

तीन जागा तीन पाळ्यांत म्हणजे नऊ ड्युट्या, २,४१,२०० रुपये. १८० फ्लॅटांत १,३४० प्रत्येकी. कोटेशनच्या ६१७ च्या दुपटीहून जास्त. हे कमिटीपुढे ठेवलंत तर चहाही मिळणार नाही.

म्हणून असं करा. मागचं गेट रात्री दहा ते सहा कुलूपबंद ठेवा. मेन गेटला तीन पाळ्या, मागच्या गेटला दोन, आणि रात्रीच्या पाळीत फिरतीला एक जादा माणूस. दिवसा पार्किंगमध्ये बसून कुणी काय राखतं हे मला आजवर कळलेलं नाही. एकूण सहा ड्युट्या, आठ-आठ तासांच्या. १,६०,८००. फ्लॅटमागे ८९३. वाढ पावणेतीनशेची. आधीही सहाच माणसं होती, आताही सहाच, रिलीव्हर वेगळा. लेथवाला म्हणतात तशी एकही नोकरी जात नाही, फक्त बाराचे आठ तास होतात.

सदाशिवपेठी काका, पावणेतीनशे चालतील का?

---

परभणीकर

पेरोलवाली ताई, तुमचा तोडगा चांगला, पण त्याच्या पोटात एक काटा आहे.

१४,००० मधून त्याचा स्वतःचा पीएफ १२ टक्के गेला, १,६८०. ईएसआयचे १०५, व्यवसाय कराचे २००. हातात १२,०१५. आज बारा तासांचे १२,००० मिळतात, उद्या आठ तासांचेही १२,०००. पीएफ साठेल, ईएसआयचा दवाखाना मिळेल, सगळं मान्य. पण किराणा तेवढाच येणार. मग रोजचे चार तास मोकळे झाले की माझा भाऊ काय करील? दोन चौक सोडून दुसऱ्या सोसायटीत दुसरी ड्युटी धरील. आत्ताच तो सुट्टीच्या दिवशी केटररकडे वाढपी म्हणून जातो.

त्याच्या घराचं ढोबळ बजेट, वाघोलीच्या पुढे एक खोली: भाडं आणि लाइट ६,०००. किराणा, भाजी ६,०००. दूध १,५००. गॅस ८५०. दोन मुलांची शाळा आणि व्हॅन २,५००. पेट्रोल १,५००. मोबाइल दोघांचे ६००. दवाखाना १,०००, कधी शून्य, कधी पाच हजार. गावी आईवडिलांना २,०००. बेरीज २१,९५०. यात कपडा नाही, गावी जायचं भाडं नाही, बहिणीच्या घरचा आहेर नाही, बचत तर नाहीच.

वहिनी पाच घरी धुणंभांडी करते म्हणून चाललंय.

---

सदाशिवपेठी

मग घरात दोन पगार आहेतच की. दोघं मिळून वीस-बावीस होत असतील. आम्हीही संसार केला तेव्हा दोघं नोकरीला होतो.

पावणेतीनशेबद्दल विचार करतो.

---

जुनी_कात्रणं

१९५७ च्या ठरावात हे वाक्यच आहे काका: बायको-मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही. त्यांनी कमवू नये असं नाही. पण ती कमाई आधीच गृहीत धरली की मालक पुरुषाचा पगार तेवढ्यानं कापतो, आणि बाईला कमी देताना ‘नवरा कमावतोच’ असं म्हणतो. दोन्हीकडून त्याच घराला काट.

खाणारी तोंडंही तेव्हा कमी धरली होती. २०१९ च्या डॉ. अनुप सत्पथी समितीनं तीनऐवजी ३.६ एककं धरली, उष्मांक २,४०० वर आणले, पण ५० ग्रॅम प्रथिनं आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असावेत असं सांगितलं. म्हणजे नुसत्या भाकरीनं पोट भरलं की झालं, हे नको. जुलै २०१८ च्या भावानं त्यांचा आकडा देशाला एकच धरला तर रोज ३७५ रुपये, महिना ९,७५०, आणि शहरांत घरभाड्याचे सरासरी १,४३० वेगळे. तेव्हापासून भाव चाळीसेक टक्के वाढले. आजचे पंधरा-साडेपंधरा हजार होतात, तेही अख्ख्या देशाचं मिळून. पुण्याच्या भाड्याला १,४३० म्हणजे चेष्टा आहे.

सरकारनं ते ३७५ स्वीकारलेच नाहीत. २०१७ मध्ये राष्ट्रीय किमान पातळी १७६ रुपये रोज ठरवली होती, तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती. आता नवीन वेतन संहितेत (केंद्राच्या नव्या वेतन कायद्यात) केंद्रानं ठरवलेल्या पातळीच्या खाली राज्यांना जाता येणार नाही. ती पातळी कुठे लावतात त्यावर सगळं आहे.

---

अंबाजोगाईची

सरकारनं बघावं असं वर कुणीतरी म्हटलं. सरकार स्वतः काय करतं तेही बघा. माझी आई अंगणवाडी सेविका. पोषण आहार, लसीकरणाची हाक, वजनं, गरोदर बायकांच्या नोंदी, मोबाइलमधलं ॲप, निवडणुकीचं काम. तरी पगार नाही, मानधन. २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून संप करावा लागला, दीड महिन्याहून जास्त चालला. किमान वेतनाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: तुम्ही कर्मचारी नाहीच, मानसेवी आहात. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी लागू केली तेव्हा आईनं पेढे वाटले होते.

राज्य सरकारच असं वागत असेल तर कुठली एजन्सी घाबरणार आहे?

---

हिशेबनीस (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. परभणीकर यांनी दाखवलेला काटा बरोबर आहे आणि मला तोच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. कायदा पाळला की काम संपलं असं कमिटीला वाटेल. पण कायदा पाळूनही माणूस दुसरी ड्युटी धरणार असेल, तर रात्री तीनला आमच्या गेटवर पेंगणारा तोच माणूस असणार. टवाळखोर यांची तक्रारही त्यातूनच आलेली.

म्हणून मी १८,००० पगार धरून बघितलं. पेरोलवाली यांच्याच पद्धतीनं एक ड्युटी ३४,४०० च्या आसपास जाते. सहा ड्युट्यांचे २,०६,४०० , फ्लॅटमागे १,१४७. कोटेशनपेक्षा ५३० जास्त. १८,००० हे परभणीकर यांच्या बावीस हजारांना पुरत नाहीत, पण वहिनींच्या पैशातून मग मुलांची फी तरी निघेल.

५३० रुपये आमच्या सोसायटीत जड नाहीत. क्लबहाऊसच्या एसीवर आणि गणपतीच्या डीजेवर याहून जास्त जातात. जड आहे ते कारण सांगणं. “कायद्यात नाही तरी का द्यायचे?” या प्रश्नाला बैठकीत काय उत्तर द्यावं?

---

पेरोलवाली

उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका, माणसं टिकतात का ते विचारा. गेल्या वर्षभरात तुमच्या गेटवर किती चेहरे बदलले? नवा माणूस रहिवाशांना ओळखत नाही, डिलिव्हरीवाल्यांना ओळखत नाही. एजन्सीला त्याचं काही पडलेलं नसतं, तुम्हाला असायला हवं.

आणि पैसे वाढवलेत तर ते माणसापर्यंत पोचतात का ते बघा, नाहीतर एजन्सीचा मालक नवीन गाडी घेईल. कंत्राटात लिहून घ्या: पगार सात तारखेच्या आत थेट त्याच्या बँक खात्यात. दर महिन्याच्या बिलासोबत पगारपत्रक, पीएफचं आपल्या माणसांची नावं असलेलं चलन, ईएसआयचं चलन. नुसती पावती चालणार नाही, पावती दुसऱ्याच साइटची असते. माणसाच्या फोनवर यूएएनचं (पीएफ खात्याच्या नंबराचं) पासबुक उघडून दोन मिनिटांत खात्री होते. तीन महिने चलन नसेल तर बिल थांबवायचा हक्क सोसायटीला. एटीएम कार्ड माणसाकडेच.

वेतन संहिता आता लागू झालीय. ठेकेदारानं पैसे बुडवले तर जबाबदारी ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्याच्यावर येऊ शकते. सोसायटी ही आस्थापना की नाही यावर वकील भांडतील. तुम्हाला त्या भांडणात नाव हवंय का, एवढं चेअरमनना विचारा. बहुतेक चेअरमन इथे गप्प होतात.

---

लेथवाला

सुरक्षा रक्षक मंडळाकडून माणसं का घेत नाही? महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे, माथाडी (हमाल) कामगारांच्या मंडळाच्या धर्तीवर. मंडळाकडे नोंदणी करायची, पगार आणि वरची लेव्ही (ठरलेली जादा रक्कम) मंडळात भरायची, मंडळ रक्षकाला पगार, पीएफ, बोनस देतं. मधला कमिशनवाला नाही. आमच्या इस्टेटमधल्या दोन कंपन्यांकडे मंडळाची माणसं आहेत, वर्षानुवर्षं तीच. दर महाग आहे, पण तो माणसाला जातो.

राक्षस असलो तरी एवढं सांगतो.

---

परभणीकर

मंडळात नाव लागावं म्हणून आमच्याकडची पोरं जीव टाकतात. माथाडीसारखीच पत आहे त्याला. लेथवाला साहेब, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद.

---

टवाळखोर

मघाशी गंमत केली. आज खाली जाऊन विचारलं. आमचा माणूस सोलापूरकडचा, हातात ११,५००, आणि कालची रात्र डबल होती. क्रिकेट बघत नव्हता, मुलीशी व्हिडिओ कॉल चालू होता.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पेरोलवालींची चलनाची अट टाकलीय. अकरा जणांनी अंगठा दाखवला, एकानं विचारलं “तुमचा काय इंटरेस्ट?”

---

सदाशिवपेठी

मी आमच्या सेक्रेटरींशी बोललो. ५३० ला माझा विरोध राहील, आमच्या इमारतीत ते जमणार नाही. आठ तासांच्या पाळ्या, मागचं गेट रात्री बंद आणि चलनाची अट, एवढ्याला मी मत देईन आणि दोघातिघांना समजावीन. मात्र वाढ चौरस फुटाप्रमाणे लावा. ज्याचा फ्लॅट तीन बेडरूमचा आणि खाली दोन गाड्या, त्यानं माझ्याइतकेच पावणेतीनशे का द्यावेत?

---

हिशेबनीस (धागाकर्ता)

काका, सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटांना सारखंच लावायचं हा आदर्श उपविधींचा (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीचा) नियम आहे आणि सिक्युरिटी त्यातच येते, त्यामुळे ते अवघड दिसतं. पण एकापेक्षा जास्त गाड्यांचं पार्किंग शुल्क वाढवून त्यातून काही भाग काढता येईल. आमच्याकडे दुसरी गाडी असलेले साठेक फ्लॅट आहेत. तो आकडा काढून मीटिंगच्या टिपणात घालतो.

पेरोलवाली, कंत्राटाच्या कलमांचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? हाउसकीपिंगच्या बायकांचं कंत्राटही जूनमध्ये आहे, त्यांचा दर तर आठ तासांचा म्हणून याहूनही खाली लावलाय. त्याचं कोटेशन हातात आलं की वेगळा धागा काढतो.